यश म्हणजे फक्त पॅकेजच का?

मा. संपादक, नमस्कार.
निकाल लागले की आपल्या बेळगावात बॅनर लागतात, सत्कार होतात, ते चांगलंच आहे, पण पुण्या-बंगळूरला गेला तोच पुढं गेला आणि इथं राहिला तो मागं पडला असं जे घराघरात बोलतात ना, ते मनाला लागतं.

माझे बाबा इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 32 वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर होते. शाफ्ट, म्हणजे कातलेला दांडा, उतरवला की कापडानं पुसायचे, मायक्रोमीटर लावून माप बघायचे, आणि 0.02 मिलिमीटर जरी कमी भरलं तरी बाजूला ठेवायचे, साहेब "चालतंय की ओ" म्हणाले तरी. हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनच्या कामात तेवढ्यानंसुद्धा तेल गळतं, प्रेशर धरत नाही. रिटायर झाले त्या दिवशी हाताखाली शिकलेली पोरं घरी आली, त्यातल्या दोघांची आज स्वतःची वर्कशॉप आहेत, आई चहा गाळता गाळता रडत होती.

वडगाव-शहापूरचे विणकर, खानापूरचे कुंभार, यांच्या हातातही असंच कसब आहे. शाळांनी सत्काराला एखाद्या लेथवरच्या टर्नरला, विणकराला स्टेजवर बसवावं, पोरांशी बोलू द्यावं.

माझ्या मुलाला आयटीआयला जायचंय. पाव्हणे नको म्हणतायत, मी फॉर्म भरलाय.

– एक वाचक, अनगोळ, बेळगाव