पारदर्शक काचेच्या कांड्या आणि एक जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले आभार मी खाजगीत मानले आहेतच. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण ज्या अडचणीत आपण मला मदत केलीत ती लॅम्पवर्कचे, म्हणजे टॉर्चच्या ज्योतीत काच वितळवून केलेले, मणी घडवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येते आणि त्यांतल्या बहुतेकांना उत्तर मिळते ते ‘सराव वाढवा’ एवढेच.

माझा मणी गडद निळ्या काचेचा आहे. त्यावर पांढऱ्या काचेच्या केसासारख्या बारीक रेषांनी फूल काढायचे आणि शेवटी सगळ्यावर पारदर्शक काचेचा (‘क्लिअर’चा) जाड थर चढवायचा, म्हणजे फूल आत खोलवर बसल्यासारखे आणि थोडे मोठे दिसते. सगळा वेळ पाकळ्यांना लागतो. मात्र वरची काच दगा देते तेव्हा त्या पाकळ्यांवर पांढुरकी साय धरते, तीत बारीक बुडबुडे अडकतात, आणि हा धुरकटपणा काचेच्या आत असल्यामुळे तो पुसताही येत नाही. मणी भट्टीतून बाहेर काढून उजेडात धरावा आणि आतले फूल धुक्यात गेलेले दिसावे, याचे दुःख ज्याने टॉर्चसमोर बसून तो मणी केला आहे त्यालाच कळेल.

या दुःखावर मला आधी जी उत्तरे मिळाली, ती सांगितल्याशिवाय आपल्या मदतीचे मोल वाचकांना कळणार नाही. ज्यांच्याकडून मी काच घेत होते, त्यांनी ‘क्लिअर म्हणजे क्लिअर, सगळी सारखीच’ असे सांगितले. काचेचा प्रसरणाचा आकडा, म्हणजे तापल्यावर ती किती प्रसरण पावते, हे विचारले तेव्हा ‘चालून जाईल’ असे आश्वासन मिळाले. अनुभवी म्हणून ज्यांच्याकडे आदराने पाहत होते, त्यांनी माझा हात स्थिर नाही, माझी ज्योत बरोबर नाही, माझ्यात धीर नाही, असे निदान केले. यांपैकी एकानेही ‘मणी दाखवा’ असे म्हटले नाही. काचेविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माणसातली खोट दाखवून देण्याची ही सवय अनेक नवशिक्यांना या कलेतून उठवून लावते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण मात्र सर्वांत आधी विचारलेत, ‘पारदर्शक थराखाली कोणता रंग आहे?’ आणि मण्याचा एक फोटो बाजूने येणाऱ्या उजेडात काढून मागितलात. माझ्यासाठी सगळी गाठ त्या एका प्रश्नाने सुटली. आपण लिहिलेत की पारदर्शक काचेत दोन वेगळे दोष असू शकतात आणि ते वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर उघडे पडतात. गडद रंगावर साय आणि बुडबुडे चटकन दिसतात, तर पांढऱ्या किंवा फिकट रंगावर ते जवळजवळ लपतात. उलट काचेतल्या लोहाच्या अंशामुळे येणारी हिरवट झाक गडद रंगावर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण पांढऱ्यावर जाड थर दिला की लगेच जाणवते. म्हणून ‘सर्वांत चांगली क्लिअर कोणती?’ या प्रश्नाला खालचा रंग सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. एफेत्रेची काच की लाउशाची, या दोन नावाजलेल्या काचांच्या वादात न पडता आपण मला निवडीचा निकष दिलात.

त्यानंतर आपले पाकीट आले. त्यात निरनिराळ्या पारदर्शक काचांच्या बोटभर लांबीच्या कांड्या होत्या आणि एकमेकींवर घासून ओरखडे उठू नयेत म्हणून प्रत्येक कांडी वेगळ्या मऊ कागदात गुंडाळलेली होती, कारण त्या ओरखड्यांत बसलेली धूळच पुढे साय होऊन वर येते. नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या नव्हत्या, दोऱ्याने बांधलेल्या होत्या. गोंदाचा अंश काचेवर राहिला आणि ज्योतीत गेला तर तोही डाग सोडतो, हे आपण लिहिले नव्हते, ते मला त्या दोऱ्यावरूनच समजले. पण मी ज्यापाशी थांबले ती गोष्ट याहूनही लहान होती. प्रत्येक कांडीचे एक टोक आपण ज्योतीत धरून गोल केले होते आणि दुसरे तसेच कापलेले ठेवले होते. कापलेल्या काचेची कड बोटाला लागते, म्हणून एक टोक हातासाठी. दुसरे टोक डोळ्यासाठी, कारण कांडी आडवी धरली तर सगळ्या काचा सारख्याच स्वच्छ वाटतात, परंतु कापलेल्या टोकातून लांबीच्या दिशेने आत पाहिले की काचेचा खरा रंग दिसतो. मी त्या कांड्या पांढऱ्या कागदावर ओळीने मांडून एकेकीत डोकावून पाहिले. एक फिकट हिरवी होती, एक किंचित राखाडी, एक जवळजवळ निर्मळ. मी त्या कशा हाताळीन आणि कुठून पाहीन, याचा विचार आपण कांडी कापतानाच केला होता. माझी ओळख नसताना, मागे काही मिळण्याची अपेक्षा नसताना केलेला तो विचार आठवला की आजही माझा कंठ दाटून येतो.

त्याच पाकिटात पुठ्ठ्यावर बसवलेला काचेचा एक वाकडा धागाही होता. माझ्याकडे असलेल्या क्लिअरचा तुकडा मी आपल्याला पाठवला होता, तो निळ्या काचेला जोडून वितळवून आपण हा धागा ओढला होता. दोन्ही काचा सारख्या आकुंचन पावत असत्या तर तो सरळ राहिला असता. एक जास्त आकसली म्हणून तो तिच्या बाजूला वाकला. मऊ काचेचा प्रसरणांक 104, दुसऱ्या एका प्रचलित काचेचा 90, बोरोसिलिकेटचा 33, हे आकडे मी वाचले होते. पण ‘चालून जाईल’ म्हणून दिलेल्या काचेमुळे भट्टीत नीट ॲनील केलेले, म्हणजे ताण निघून जावा म्हणून सावकाश थंड केलेले, मणीसुद्धा काही दिवसांनी का तडकत होते, हे मला त्या धाग्याने दाखवले. असमान थंड होण्याने आलेला ताण ॲनीलिंगने निघतो, न जुळणाऱ्या काचांचा ताण निघत नाही.

ज्ञान राखून ठेवणारी माणसे प्रत्येक कारागिरीत असतात आणि त्यांना मोठेपणही मिळते. समोरच्याचा मणी आधी पाहणारे, त्याला त्याच्या प्रश्नापेक्षा लहान न करणारे आणि त्याच्या बोटांचीही काळजी घेणारे लोक थोडे असतात, आणि नवे हात या कलेत टिकतात ते त्यांच्याच जोरावर. सौजन्य ही काही कामानंतर फावल्या वेळात दाखवायची गोष्ट नाही, तो कौशल्याचाच भाग आहे असे मी आता मानते. ज्याला काच इतकी बारकाईने पाहता येते, त्याला माणूसही तसाच पाहता येतो, हे मी आपल्याकडे पाहिले.

आता निळ्या मण्यांसाठी मी आपण पाठवलेल्यांपैकी जरा हिरवट पण अजिबात साय न धरणारी काच ठरवली आहे. फिकट रंगांच्या मण्यांसाठी ती निर्मळ कांडी ठेवली आहे आणि तिला ज्योतीच्या टोकाशी, सावकाश तापवते. आपली अनुमती असेल तर खालच्या रंगावरून काच निवडण्याचा आपला निकष मी माझ्यासोबत शिकणाऱ्यांना लिहून देऊ इच्छिते.

एक शंका उरली आहे. चांदीचा वर्ख लावलेल्या मण्यावर पारदर्शक थर दिला की वर्खाच्या कडेने पिवळसर छटा उतरते. चांदी काचेत शिरून तिला पिवळे करते, एवढे मला ठाऊक आहे. परंतु काही काचांवर ही छटा गडद येते आणि काहींवर अगदी पुसट. ती काचेच्या निवडीने आवरावी की थर चढवण्यापूर्वी वर्ख किती तापवला यावर लक्ष द्यावे? आपल्या सवडीने कळवावे. दोन्ही प्रकारचे मणी वेगळ्या कागदात गुंडाळून, चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून, या पत्रासोबतच आपल्याकडे पाठवत आहे.

आपली कृतज्ञ,
एक मणीकार