लव्हाळं आणि आपलं जुनं भांडण

डब्लिन, २८ जानेवारी

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र नाही, घाल शिव्या. तब्येत बरी, गुडघा तसाच.

३१ला संध्याकाळी इथल्या पेगन मंडळींना, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवता मानणाऱ्यांना, ब्रिगिडचा लव्हाळ्याचा क्रॉस विणायला शिकवायचाय. हाताची काळजी नाही, तोंडाची आहे. विणता विणता कुणीतरी विचारणारच, ही देवी की संत? खंडोबा मूळचा कोणाचा, यावरून तू लाडवांचा डबा उचलून निघून गेला होतास, तोच प्रश्न!

कॉर्मकच्या जुन्या आयरिश कोशात ब्रिगिड ही दाग्दा या देवाची लेक, कवींची देवी. तिच्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची, एक लोहारकामाची. किल्डेअर गावच्या संत ब्रिगिडचा दिवस १ फेब्रुवारी, म्हणजे नेमका इम्बोल्क, वसंताच्या चाहुलीचा जुना आयरिश सण. १९९३ साली किल्डेअरच्या चौकात तिची ज्योत पुन्हा पेटवली ती नन्सनी. आता सांग, वाटणी कशी करायची? त्यात पेगन लोकांचं आठ सणांचं वर्षचक्र विसाव्या शतकाच्या मध्यावर जुळवलेलं. 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. मग काहीजण रुसतील.

विणकाम मात्र सरळ. लव्हाळं कापायचं नाही, उपटायचं, रीतच तशी. एका क्रॉसला ३० सेंमीच्या वीसेक काड्या. एक उभी धर. दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेला अडकव, मोकळी टोकं उजवीकडे. सगळं डावीकडे पाव फेरा फिरव, म्हणजे ती टोकं वर येतात. पुढची काडी दुमडून त्या वर आलेल्या टोकांवरून घाल, टोकं पुन्हा उजवीकडे, मध्याकडे घट्ट ओढ, परत पाव फेरा. असं करत चौकोन भरला की चारी हात दोऱ्याने बांधून टोकं छाट. मध्येच उलटं फिरवलं की चौकोन मोडतो. लोक गप्पांत नेमकं तेच करतात. आणि ताजं लव्हाळं सुकताना आकसतं, फटी पडतात. पार वाळलेलं दुमडताना तडकतं. म्हणून एक दिवस आधी आणून नुसतं कोमेजू द्यायचं. पुरात वाचणारं लव्हाळं हीटरपुढे हरतं!

३१च्या रात्री बाहेर फडकं ठेवायचं, ब्रिगिड जाताना त्याला हात लावते, मग ते दुखण्यावर बांधतात. गुडघ्याला बांधून बघतो.

वहिनींची बदली झाली का? चिनूचं दहावीचं कसं चाललंय? दोन ओळी तरी लिही.

आणि ३०च्या आत फोन कर. 'दोन्ही' एवढंच म्हटलं तर पळपुटेपणा होईल का, ते तूच सांगू शकतोस.

तुझा,
बाळ्या