लाइव्ह वॉलपेपर आणि फोनवरचा भार

महोदय,

चवथ जवळ आली की समया, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची आरास) आणि गणपतीची चित्रे घरोघरच्या फोनवर दिसू लागतात. अलीकडे त्यांत हलत्या चित्रांची, म्हणजे लाइव्ह वॉलपेपरची भर पडली आहे. गेल्या वर्षी मी आईच्या फोनवर असाच एक वॉलपेपर बसवून दिला: मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ आणि त्यावर तेवणाऱ्या पणत्या. चित्र देखणे होते. मात्र सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारीच मान टाकू लागला, हातात गरम लागू लागला, आणि दुरुस्तीच्या एका दुकानात तिला बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळाला. बॅटरी ठीक होती. सेटिंग्जमधील बॅटरी वापराच्या यादीत त्या वॉलपेपरचे नाव सर्वांत वर होते, आणि तो काढताच फोन पूर्वीसारखा रात्रीपर्यंत टिकू लागला. पावसात झाड कोसळून वीज गेली की फोन हाच घरातला आधार असतो, म्हणून ही बाब मला किरकोळ वाटत नाही.

हौसेने असे वॉलपेपर मीही तयार करतो, त्यामुळे दोष कुठे असतो ते थोडे खोलात सांगतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१० साली, २.१ या आवृत्तीबरोबर आली. दुसरे ॲप उघडले किंवा पडदा बंद झाला की वॉलपेपर दिसेनासा होतो आणि प्रणाली तसे त्याच्या प्रोग्रामला कळवते. त्या क्षणी रेखाटन थांबवणे ही मात्र बनवणाऱ्याची जबाबदारी असते. ती पाळली गेली नाही, तर कुणीही पाहत नसलेल्या पणत्या खिशातल्या फोनमध्ये दिवसभर तेवत राहतात.

दुसरी चूक ‘जितकी जास्त चित्रे, तितकी हालचाल सलग’ या गैरसमजातून होते. हलता वॉलपेपर म्हणजे एकामागून एक भराभर काढलेली स्थिर चित्रे. सेकंदाला ६० चित्रे काढायची, तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताज्या होणाऱ्या, पडद्यावर सुमारे ८.३. १०८० बाय २४०० ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) पडद्याचे एक चित्र, ठिपक्याला चार बाइट धरून, एक कोटी बाइटांहून मोठे असते, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने बासष्ट कोटी बाइटांची उलाढाल झाली. साध्या फोनला हे नेहमीच झेपते असे नाही, मग चित्रे कधी ६०, कधी ४० अशी येऊ लागतात. डोळ्याला खटकते ती ही अनियमितता. ६० हर्ट्झच्या पडद्यावर सेकंदाला ३० चित्रे दिली, तर प्रत्येक चित्र बरोबर दोन वेळा दिसते आणि हालचाल सलग वाटते. ४५ दिली, तर काही चित्रे एकदा व काही दोनदा दिसून चाल अडखळते, जरी आकडा ३० पेक्षा मोठा असला तरी.

म्हणून सेकंदाला किती चित्रे काढायची ही गती हालचालीला बघून ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. पणतीच्या ज्योतीला सेकंदाला २० चित्रे पुरतात. पावसाचे तसे नाही: पडदा अर्ध्या सेकंदात ओलांडणारा थेंब ३० चित्रांच्या गतीने प्रत्येक वेळी १६० ठिपक्यांची उडी घेतो आणि तुटक दिसतो, तिथे ६० चित्रांचा खर्च सार्थ आहे, किंवा थेंबाची रेघ लांब काढून उडी झाकता येते. मागचे धूसर डोंगर निम्म्या लांबी-रुंदीत काढून पडद्याएवढे ताणले, तर काम चौथाईवर येते आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. थेंबाची जागा चित्रांच्या संख्येवरून न ठरवता सरलेल्या वेळेवरून ठरवावी, नाहीतर १२० हर्ट्झच्या फोनवर तोच पाऊस दुप्पट वेगाने कोसळतो. प्रत्येक चित्रासाठी नवे थेंब निर्माण करण्याऐवजी तेच पुन्हा वापरावेत. टाकून दिलेल्यांची स्मृती मोकळी करताना फोन मध्येच गचका देतो.

होम स्क्रीन सरकवताना फोन अडखळला, तर सामान्य माणूस वॉलपेपरला नव्हे, जुन्या झालेल्या फोनला दोष देतो, आणि कधी कधी नवा फोन घेऊनही मोकळा होतो. त्यामुळे फर्मागुडीच्या आणि इतरही अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जी मुले गोव्याची देवळे, धबधबे, शिगम्याचे चित्ररथ फोनवर हलते करू पाहतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आपले काम चार-पाच वर्षे जुन्या, स्वस्त फोनवर दिवसभर चालवून पाहा, बॅटरी बचत चालू असताना चित्र स्थिर राहील अशी तजवीज करा, गती कमी करण्याचा पर्याय वापरणाऱ्याच्या हाती द्या. आणि वॉलपेपर सेकंदाला किती चित्रे काढतो, हे त्याच्या माहितीत मराठीत लिहा.

आपल्या चवथीच्या पुरवणीत बॅटरी वापराची यादी कशी पाहावी याची छोटी चौकट छापल्यास, माझ्या आईसारख्या वाचकांचा बॅटरीचा नाहक खर्च वाचेल.

आपला,
एक वाचक, फोंडा, गोवा