आवाहन : आपल्या आजी-आजोबांना खाटेवरून उभे करण्यासाठी

समस्त गावकरी मंडळी, पंचक्रोशीतील हितचिंतक आणि नोकरीधंद्यासाठी नागपूर-पुण्याकडे गेलेली आपली लेकरे यांस सप्रेम नमस्कार.

पोळा नुकताच झाला, सोयाबीन अजून शेतातच आहे, हातात पैसा नाही, हे ठाऊक असूनही लिहावे लागत आहे. कारण खाली येईलच.

आपला वृद्धाश्रम कसा उभा राहिला हे जुन्या लोकांना सांगायला नको. १६ वर्षांपूर्वी गुरुजींनी रस्त्याकाठची आपली अर्धा एकर जागा दिली, तीही घरच्यांची समजूत काढून. तेलघाणीवाल्या काकांनी छताची टिने दिली आणि नाव कुठेही लिहू नका असे बजावले, म्हणून आजही लिहीत नाही. बचत गटाच्या बाया भर मे महिन्यात, उन्हाने डोके फुटायची वेळ असताना, घमेली उचलायला आल्या. ज्यांनी फाटकाजवळचा कडुनिंब लावला त्या मावशी आज नाहीत, पण त्याच्या सावलीत रोज दहा-बारा खुर्च्या लागतात. या सर्वांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

गुरुजी शेवटची दोन वर्षे आपल्याच आश्रमात, खिडकीजवळच्या खाटेवर होते. लकवा मारल्यानंतर आम्ही त्यांना काही म्हणून करू दिले नाही. घास भरवला, सदरा घातला, कूस बदलून दिली. जीव लावला, पण दोन वर्षांत त्यांचे गुडघे असे आखडले की तिरडीवरही पाय सरळ झाले नाहीत. ज्यांनी त्या दिवशी खांदा दिला त्यांना ते आठवत असेल. मला तर ते रोज आठवते.

त्यानंतर ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या आपल्या सिस्टरताई मंडळाकडे आल्या आणि दीड वर्षापूर्वी म्हाताऱ्या माणसांना रोज थोडे हलवून-चालवून, जमेल तेवढे त्यांचे त्यांना करू देण्याचे हे काम सुरू झाले. जिल्ह्याच्या गावाहून महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट मॅडम येतात, प्रत्येकाला तपासून वहीत लिहून देतात : कोणता सांधा किती वेळा हलवायचा, कोणी खाटेच्या काठावर बसायचे, कोणी वॉकर धरून दारापर्यंत जायचे. रोजचे करून घेणे मात्र सिस्टरताई आणि दोन सेविकांचे. मॅडमनी सांगितले की अमेरिकेत १९८७ साली कायदाच झाला : नर्सिंग होममध्ये राहणाऱ्याची चालण्याची, जेवण्याची, कपडे घालण्याची ताकद टाळता येण्यासारख्या कारणाने घटता कामा नये. तिथे असे एखादे काम दिवसाला किमान १५ मिनिटे झाले तरच तो दिवस नोंदीत धरतात. आम्हीही तोच नियम घेतला आहे. आणि परदेशाकडे कशाला पाहायचे, आपल्या सेवाग्रामात गांधीजी परचुरेशास्त्रींना स्वतःच्या हाताने मालिश करत होते. त्या वेळी कुष्ठरोग्याच्या जवळ जायला कोणी धजत नव्हते.

हे काम दिसायला लहान, पण वेळ फार खाते. लकव्याच्या माणसाला सदरा घालताना आधी दुखरा हात बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी, आणि बटणे त्याची त्याला लावू द्यायची. आपण लावली तर दोन मिनिटे, त्याने लावली तर वीस. जेवताना ताठ बसवायचे, जेवणानंतरही अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. डायपर बांधून मोकळे होण्याऐवजी दर दोन तासांनी संडासला न्यायचे. खुब्याचे हाड मोडून आलेल्या आजींना आम्ही स्ट्रेचरवरून उतरवून घेतले होते. त्या आज वॉकर धरून कडुनिंबापर्यंत जातात आणि भाकर स्वतःच्या हाताने मोडून खातात. सगळेच असे उठत नाहीत. काहींच्या बाबतीत आहे तेवढे टिकले तरी आम्ही समाधान मानतो.

आता मनातले सांगतो. मागच्या दिवाळीत याच कामासाठी मंडळाने ३०० पत्रे वाटली, त्यांतल्या ११ जणांनी उत्तर दिले. त्याच महिन्यात वाढदिवसाची जेवणे इतकी आली की दोन घरांना तारीख देता आली नाही. खाटा २६ आणि ब्लँकेटे ११२ आहेत. जेवण देणाऱ्यांचे आम्ही ऋणीच आहोत, त्या घासानेच आश्रम चालला. पण आजोबांना धरून चालवणाऱ्या सेविकेच्या पगारासाठी पुढे कोणी येत नाही याचे वाईट वाटते. दोघींपैकी एकीला शहरातल्या दवाखान्यात जास्त पगाराची नोकरी मिळते आहे. केवळ आमच्या शब्दाखातर ती दसऱ्यापर्यंत थांबली आहे. ती गेली तर निम्म्या खाटा पुन्हा निजून राहतील.

वर्षाचा खर्च असा : दोन सेविकांचा पगार दरमहा प्रत्येकी ९,००० प्रमाणे २,१६,०००, मॅडमच्या फेऱ्या महिन्यात दोन करण्यासाठी ३६,०००, संडास-न्हाणीत कठडे आणि चालण्याच्या सरावासाठी समांतर दांड्या व आरसा ४२,०००, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, कमोड खुर्च्या व कमरेचे पट्टे ३६,०००, एकूण ३,३०,००० रुपये. जमा ७१,५००, कमी २,५८,५००. चेक मंडळाच्या नावे, पावती लगेच. करसवलत हवी असल्यास २,००० च्या वरची रक्कम रोख देऊ नये, पॅन क्रमांक कळवावा. घरी वापरात नसलेला चांगल्या स्थितीतला वॉकर किंवा चाकाची खुर्ची चालेल. ज्यांना पैसा जमत नाही त्यांनी सकाळी ८ ते १० या वेळेत आठवड्यातून एक दिवस यावे, धरून कसे चालवायचे ते सिस्टरताई शिकवतील. गावच्या पोरांनी तर यावेच.

आपला,
सचिव

ता. क. पितृपक्षातल्या जेवणाच्या सर्व तारखा भरल्या आहेत. ज्यांना तारीख मिळाली नाही त्यांनी यंदा तेवढीच रक्कम आपल्या वडीलधाऱ्यांच्या नावे सेविकेच्या पगारासाठी द्यावी, ही हात जोडून विनंती.