औषध फुकट, पण डबी ठेवायची कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक एड्स दिनानिमित्त आपल्या अंकात आलेली बातमी वाचली. गरोदर बायकांची एचआयव्ही तपासणी आता तालुक्याच्या गावीही होते, हे खरं आहे. त्याचं मोलही मोठं आहे. आईला एचआयव्ही असेल आणि काहीच केलं नाही, तर 100 पैकी 15 ते 45 बाळांना तिच्याकडून लागण होऊ शकते. आई वेळेवर औषधावर असली आणि बाळाला सिरप मिळालं, की हेच प्रमाण 5 च्या आत येतं. ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून सोळा वर्षं काढल्यावर मात्र सांगावंसं वाटतं, की आपली घडी रुग्णालयाच्या फाटकापर्यंतच नीट बसलेली आहे.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी निघाली. तिचं नाव सासरकडच्या एआरटी (म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या) केंद्रात. बदलीची चिठ्ठी घेऊन ती माहेरकडच्या केंद्रात जाईल असं आम्ही धरून चालतो. पण माहेरी कुणाला माहीतच नसेल, तर ती काय सांगून घराबाहेर पडणार? एकीने मला फोनवर सांगितलं होतं, "ताई, गोळ्या वाजतात म्हणून डबीत कापूस भरलाय आन डबी तांदळात ठेवलीय." बाळाच्या सिरपला मीच तिला "व्हिटॅमिनचं आहे म्हण" असं शिकवलं. खोटं बोलायला शिकवणं माझ्या कामात बसत नव्हतं, पण त्या घटकेला दुसरं काही सुचलंही नाही.

त्यात बाळाची पहिली तपासणी येते सहा आठवड्यांनी. टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घ्यायचे असतात. सव्वा महिना नुकताच झालेला, आजी बाळाला उंबऱ्याबाहेर काढायला तयार नसते. दीड महिन्याच्या लसीला मात्र तीच आजी बाळाला दुपट्यात गुंडाळून स्वतः घेऊन येते. मग त्याच दिवशी, त्याच ठिकाणी ते थेंब का घेऊ नयेत? काही ठिकाणी परिचारिका हे आपल्या हिमतीवर जुळवतात. ते व्यवस्थेने करायला हवं.

आणखी एक बारीक गोष्ट. आताच्या औषधात डोल्युटेग्राविर असतं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्याच्यासोबत उपाशीपोटी घेतली, तर ते अंगात नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत घेतलं तर चालतं, नाहीतर आधी हे औषध आणि निदान दोन तासांनी लोह. लोहाच्या गोळ्या आशाताई देतात, एआरटीच्या आम्ही. दोघींपैकी एकीला दुसरीचं माहीत नसतं, आणि गोपनीयता पाळायची तर आशाताईला सांगताही येत नाही. निदान बाईला तरी दोन्हीकडून समजायला हवं ना.

पण माझा जीव जास्त अडकतो तो मोठ्या झालेल्या मुलांत. मोफत एआरटी सुरू झाली 1 एप्रिल 2004 ला. त्यानंतर औषधावर जगलेली, आजी-आजोबांनी वाढवलेली मुलं आता कॉलेजात आहेत. त्यातला एक पंधराव्या वर्षी गोळी सोडून बसला. का? तर लहानपणापासून त्याला सांगितलं होतं, "तुझ्या अंगात रक्त कमी आहे." त्याला वाटलं, आता मी धडधाकट आहे, रक्त भरलं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, हजारांत गेल्यावर मी त्याला समोर बसवून खरं सांगितलं. त्याने आजाराबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एवढंच विचारलं, "आजीला माहीत होतं?"

शाळकरी वयातच मुलाला त्याच्या आजाराचं सांगावं, अगदी लहान असेल तर झेपेल तसं थोडं थोडं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या 2017 च्या एचआयव्ही कायद्याचा तर मुलांवर याहून मोठा भरवसा आहे: एचआयव्हीची झळ बसलेलं घर सांभाळणाऱ्या 12 ते 18 वयाच्या समंजस मुलाला तो धाकट्या भावंडाचा पालक मानतो. आपण मात्र त्याच मुलाला त्याच्या गोळीचं नावही सांगत नाही.

मग हे मूल वसतिगृहात जातं. तिथे उघडी मांडणी, एका खोलीत आठ जण. आजार सांगायला भाग पाडू नये, शिक्षणात भेदभाव करू नये, असं कायदा म्हणतो. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. तरी एका वसतिगृहात रेक्टरनी "कसली औषधं, लेखी द्या" असा हट्ट धरला, तेव्हा मुलगी बॅग भरून घरी आली. औषधासाठी केंद्रावर यायचं तर तेही सकाळच्या वेळात, म्हणजे तास बुडणार, नाहीतर परीक्षा. एसटीची सवलत आहे, पण ती घ्यायला भरल्या गाडीत कंडक्टरला दाखला दाखवावा लागतो. माझ्याकडची मुलं पूर्ण तिकीट काढायची.

ज्यांचा व्हायरल लोड दबलेला आहे, अशा विद्यार्थ्यांना एकदम तीन महिन्यांचं औषध द्यावं. महिन्यातला एक रविवार त्यांच्यासाठी केंद्र उघडं असावं. आणि वसतिगृहात कुलपाचं छोटं कपाट द्यावं. ते सगळ्याच मुलांना द्या, म्हणजे एकट्यालाच कशाला, असं कुणी विचारणार नाही.

आपली,
एक निवृत्त समुपदेशिका, जि. सातारा