भोंगा वाजला की तळघर. पण वायू असेल तर?

महोदय,
७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाचा भर भोंगा आणि ब्लॅकआउटवर होता. विषारी वायूचे नियम वेगळे आहेत. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, तळघरात साचतो. म्हणून वरचा मजला गाठा. एसी, एक्झॉस्ट बंद करा, दाराच्या फटीत ओले फडके कोंबा. उघड्यावर असाल तर वाऱ्याला आडवे निघा. वाऱ्याबरोबर धावलात तर वायू सोबतच येतो. धापा टाकल्या की तो जास्त आत जातो, म्हणून चालणे झपझप पण श्वास सावकाश. अंगावर रसायन उडाले असेल तर टी-शर्ट डोक्यावरून ओढू नका, ते चेहऱ्याला, डोळ्यांना लागते. कात्रीने कापा, पिशवीत बांधा, डोळे १५ मिनिटे साध्या पाण्याने धुवा. पुढच्या सरावात हे प्रत्यक्ष करून घ्यावे.

– नागरी संरक्षण प्रशिक्षक, ठाणे