आमची गाडी दसऱ्याला निघते, साहेब

माननीय मंत्रिमहोदय,

सा. न. वि. वि.

काल रात्री बहिणीचा फोन आला, ऊसतोडीच्या फडावरून, शेजारच्या कोपीतल्या (झोपडीतल्या) पोराचा मोबाईल मागून. आठवीत आहे ती. म्हणाली, "दादा, माझं नाव पटावरनं काढलं नसेल ना?"

आईबाप तोडीला गेले तरी पोरांना गावात राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृह असतं. जुलैत त्याची यादी झाली होती, बहिणीचं नाव तिसरं. आमची गाडी दसऱ्यानंतर चार दिवसांनी निघाली. वसतिगृह उघडलं डिसेंबरात! तोडीची आगाऊ उचल घेऊन ती खर्चूनही झालेली, ती देणारा मुकादम दारात. आजी असती तर पोरीला तिच्यापाशी ठेवलं असतं. आता बहीण पहाटे चारला चूल पेटवते, भाकरी थापते, मग फडात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करून मोळ्या बांधते. परवा उसाच्या पाचटाने हात चिरला. आईला मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढवत नाही, तिची गर्भपिशवी काढलीय. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात आमची आई मोजली की नाही, कुणास ठाऊक.

२०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे जाहीर झाली, प्रत्येकी १०० पोरांची. सगळी उद्या सुरू होऊन भरली तरी ८,२०० पोरं. मजूर कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा. भागाकार आपण करा, आमची शाळा बुडालेली असते.

निकाल लागला की मात्र ऊसतोड मजुराचं एक पोर शोधून काढतात, फेटा बांधतात, आईबापाला कोयत्यासकट फोटोत उभं करतात. आणि उरलेल्यांना सांगतात, जिद्द पाहिजे. कारखान्याच्या चेअरमनचा मुलगा चेअरमन होतो तेव्हा त्याला जिद्दीबद्दल कुणी विचारतं का? मीही जिद्दीनेच पुण्यात रात्री वॉचमनची ड्युटी करून अभ्यास करतो. २०२३ च्या तलाठी भरतीला सवलतीची फी ९०० रुपये भरली. तेव्हा तोडीचा दर टनाला पावणेतीनशेच्या आसपास, म्हणजे आईबापाने सव्वातीन टन ऊस तोडला तेव्हा माझा एक अर्ज गेला. जागा साडेचार हजारांच्या घरात, अर्ज दहा लाखांवर. सरकारला धंदा बरा सापडलाय.

पुढे दर ३४ टक्के वाढला, तोही संप करून कोयता बंद ठेवल्यावर. आमच्याकडे मागितल्याशिवाय, अडवल्याशिवाय काही येतच नाही. धरणाचं पाणी असो नाहीतर पोरीचं वसतिगृह.

मागणी एवढीच आहे: पुढच्या वर्षी वसतिगृह घटस्थापनेआधी उघडा. तारीख पंचांगात सापडेल, त्यासाठी समिती नेमू नका.

आणि माझ्या बहिणीचं नाव पटावर आहे की नाही, तेवढं कुणाला तरी बघायला सांगा. रविवारी तिचा परत फोन येणार आहे.

आपला,
एका कोयत्याचा (ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीचा) मुलगा,
जिल्हा बीड, मुक्काम सध्या पुणे